काका, २२८.६ मिलिमीटरबद्दल

काका, सादर नमस्कार.

‘थँक यू’ म्हटलं की तुम्ही पंख्याकडे बघायला लागता आणि काकूंना चहा टाकायला सांगता. दोनदा प्रयत्न करून झाला. म्हणून आता हे चारचौघांत लिहितेय, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

आपली ओळख लिफ्टमधली. माझ्या खांद्यावर ट्रायपॉड, रात्रीचे साडेदहा. “शूटिंग आहे का गच्चीवर?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, ताऱ्यांचे फोटो काढते. घोडबंदर रोडवरच्या गच्चीवरून तारे काढणारी बाई बघून तुम्हाला काय वाटलं असेल, देव जाणे. हायवेचा उजेड, समोरच्या टॉवरचं बांधकाम आणि त्यावरचे हॅलोजन. व्याध, मृग, रोहिणी एवढे दिसतात. कृत्तिका असल्यासारख्या वाटतात. तरी तुम्ही वर आलात आणि माझं रडगाणं ऐकून घेतलंत. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स लावली की सहा-सात सेकंदांच्या पुढे जाता येत नाही, ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. आकाश सरकतं, म्हणजे खरं तर आपण फिरतो. त्याच्या बरोबरीने कॅमेरा फिरवणारं यंत्र विकत मिळतं, पण त्याची किंमत माझ्या दोन हप्त्यांएवढी.

किंमत तुमच्या डोक्यातून लगेच गेली असणार. तुम्ही विचारलंत ते एवढंच, “मिनिटाला किती सरकतं?”

पाव अंश, मी म्हटलं. तासाला १५.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे होतात. हातात वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद, त्यावर आकडेमोड. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि ती फळी उचलायला एक सहा एमएमचा बोल्ट. त्याचा पिच एक मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात फळी एक मिलिमीटर उचलली जाणार. मिनिटाला एक फेरा द्यायचा, तर बोल्ट बिजागरीपासून किती लांब हवा? तुमचं उत्तर होतं २२९.२. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आकाशाचा फेरा २४ तासांचा नसतो, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा असतो. रोज पृथ्वी सूर्याभोवती थोडी पुढे सरकते, त्यामुळे सूर्य पुन्हा डोक्यावर यायला चार मिनिटं जास्त लागतात. ताऱ्यांना तो हिशोब नाही. मग तुम्ही पुन्हा भागाकार केलात आणि २२८.६ आलं. मी म्हटलं, असू दे हो, अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय? तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “वागळे इस्टेटमध्ये अर्ध्या मिलिमीटरला माल परत यायचा.”

तो आकडा मी कॅमेऱ्याच्या बॅगेत आतून लिहून ठेवलाय.

फळ्या म्हणजे तुमच्या जुन्या शोकेसचा दरवाजा. बिजागरी पितळी, लांब, अजिबात न डुलणारी. ती मिळेपर्यंत स्टेशनजवळच्या तीन दुकानांत तुम्ही प्रत्येक बिजागरी उघडझाप करून नाकारलीत. ट्रायपॉडचा बोल्ट पाव इंची, इंचाला २० आटे, हे कळल्यावर जो वैताग केलात तो काकूंनी अजून विसरलेला नाही. (“जपानी कॅमेरा आणि आटे इंची!”) खाली १९ अंशांचा लाकडी उतार, कारण ठाण्यातून ध्रुव क्षितिजापासून साधारण तेवढाच वर. बिजागरीला चिकटवलेली रसवंतीतली स्ट्रॉ, ध्रुवावर नेम धरायला, कारण आकाश त्याच्याभोवती फिरताना दिसतं. बोल्टच्या डोक्यावर पुठ्ठ्याची तबकडी, चार खुणा. मोटर नको म्हणालात. घड्याळाच्या काट्याकडे बघून हातानेच फिरवायचं, दर १५ सेकंदांना पाव फेरा.

आपल्या गच्चीवरून ध्रुव दिसतच नाही, टॉवर आड येतो. तरी मी उत्साहाने अंदाजाने लावून पाहिलं आणि ताऱ्यांच्या रेघा नेहमीच्या दुप्पट लांब आल्या. तुमचा चेहरा उतरला. चूक माझी होती: ध्रुवाकडे तोंड केलं की बिजागरी डाव्या हाताला हवी, मी उजवीकडे ठेवली होती. आकाश एकीकडे, आपण दुसरीकडे. हे मला रात्री दीड वाजता अंथरुणात कळलं, आणि सकाळी सातपर्यंत तुम्हाला फोन न करता थांबणं अवघड गेलं.

मग मार्गशीर्षातल्या अमावस्येला मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला. तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. माकडटोपी घालून, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन फोल्डिंगच्या खुर्चीवर बसलात आणि लाल टॉर्चच्या उजेडात मोजत राहिलात, पंधरा, तीस, पंचेचाळीस. मी पाव फेरा देत होते. एकेक मिनिटाचे चाळीस फोटो. मध्ये दोनदा लेन्सवरचं दव पुसावं लागलं, एकदा कुत्रा येऊन ट्रायपॉडला अंग घासून गेला, तो फोटो मी मुद्दाम पुसलेला नाही.

मृगाच्या बाणाच्या दक्षिणेला गुलाबी धुरकट डाग आला होता. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा तो तेजोमेघ, जिथे नवे तारे तयार होतायत. मी सांगत सुटले. तुम्ही “हो का, हो का” करत कॅमेरा हातात घेतलात, फोटो मोठा केलात, आणखी मोठा केलात, आणि त्या डागाला सोडून कोपऱ्यातल्या एका बिननावाच्या ताऱ्यावर थांबलात. बराच वेळ.

“गोल आलाय,” तुम्ही म्हणालात.

काका, मी पाच वर्षं आकाशाचे फोटो काढतेय. माझ्या फोटोकडे इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं. लोक रंग बघतात, मीही तेच बघत होते. हल्ली आधी कोपरे बघते.

ते चाळीस फोटो (कुत्र्याचा वगळून) संगणकावर एकावर एक रचून झालेत; प्रिंट काकूंकडे दिलीय, शोकेसच्या उरलेल्या दाराजवळ लावायची म्हणतात. आणि तुम्ही म्हणालात तशी सगळी मापं इथे दिलीत, कुणाला करून बघायचं तर बघू दे.

आता राहिला तुमचा नवा हट्ट. बोल्ट सरळ असल्यामुळे फळ्या उघडत गेल्या की वेग जरासा बिघडतो, तेव्हा तो २२८.६ च्याच गोलाईत वाकवायचा आणि बोल्टऐवजी नट फिरवायचा. माझ्या ५० च्या लेन्सवर, एकेका मिनिटाच्या फोटोत तो फरक दिसणारही नाही, हे मी सांगून पाहिलं. तुम्हाला तो खुपतोय. ठीक आहे. सहा एमएमचा रॉड आणून ठेवलाय. वाकवायला पाइपचा तुकडा लागेल म्हणाला होतात, तोही समोरच्या बांधकामावरून मागून घेतला. रविवारी दहाला येते. चहा तेव्हाच घेईन.

तुमची,
सातव्या मजल्यावरची