बॅटरी बदलून चार्जिंगचा दोष जात नाही : वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मोटरसायकल उत्पादक कंपनी

विषय : चार्जिंग सिस्टीममधील दोष न तपासता वारंवार बॅटरी बदलणे व दोष सापडल्यावर वॉरंटी नाकारणे.

महोदय,

आपल्या कंपनीची १६० सीसीची इंजेक्शनवाली मोटरसायकल मी जून २०२४ मध्ये घेतली. सगळी सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत सेवा केंद्रात झाली आहे. गाडीला बाहेरचा एकही दिवा, हॉर्न किंवा मोबाइल चार्जर लावलेला नाही. तरीही बॅटरी सारखी उतरते. केंद्राने दर वेळी बॅटरी बदलली किंवा चार्ज करून परत बसवली, पण गाडी बॅटरीला चार्जिंग देते का, हे एकदाही मोजले नाही. आता मूळ दोष सापडला आहे, आणि तो दाखवल्याबरोबर केंद्राने वॉरंटी नाकारली आहे.

मी पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करतो. हेळवाक-कोयनानगरच्या बाजूला डोंगरातल्या वाड्यांवर गाय-म्हैस अडली की अपरात्री फोन येतो आणि त्या वेळी एसटी नसते. गाडी रोज चालते. त्यामुळे "गाडी उभी राहते म्हणून बॅटरी उतरते", हे केंद्रातल्या अ‍ॅडव्हायझरचे पहिले उत्तर मला लागूच पडत नव्हते.

लक्षणे मी प्रत्येक वेळी नीट सांगितली होती. सकाळी सेल्फ मारला की नुसता कट-कट आवाज येतो. किल्ली फिरवल्यावर टाकीतून पेट्रोल पंपाची जी बारीक घरघर ऐकू येते, ती येत नाही. चालत्या गाडीत एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मध्येच लागतो. हेडलाइट स्लोवर पिवळा पडतो आणि रेस दिली तरी उजळत नाही. यातली शेवटची गोष्ट ऐकूनच कोणत्याही जाणत्या मेकॅनिकने मीटर हातात घ्यायला हवा होता. जॉब कार्डवर मात्र लिहिले गेले, "बॅटरी वीक, बदलली." पहिली बॅटरी वॉरंटीत मिळाली, पुढचीचे पैसे माझ्याकडून घेतले. नवी बॅटरी घातली की काही दिवस गाडी छान चालते, कारण ती भरलेलीच येते. तेवढा साठा संपला की पुन्हा तेच रडगाणे.

जुलैमधल्या एका रात्री म्हैस अडल्याचा फोन आला. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे, धुके आणि मुसळधार पाऊस असताना, आधी हॉर्न गेला, मग हेडलाइट मंद होत होत नुसती तांबूस रेघ उरली आणि वळणावर इंजिन बंद पडले. मागून ट्रक येत होता. मोबाइलचा टॉर्च लावून मी हात हलवत राहिलो म्हणून त्याने पाहिले. या गाडीला किक नाही. इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटला) पुरेसा व्होल्टेज मिळाला नाही तर उतारावर ढकलूनही ती सुरू होत नाही, तशी ती झालीच नाही. दुधाच्या टेम्पोतून मी वाडीवर पोचलो. म्हैस वाचली, रेडकू गेले. त्याचा सगळा दोष मी गाडीवर टाकत नाही, पण रस्त्यावर गेलेला तो वेळ माझ्या हातात असता, तर मला प्रयत्न करता आला असता.

त्यानंतर एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून, एकही वायर न कापता, मी गाडी तपासून घेतली. प्रत्येक आकड्याचा फोटो आहे. बाहेरून पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी ठणठणीत. किल्ली बंद असताना बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावला तर जेमतेम २ मिलिअँपिअर, म्हणजे कुठे गळती नाही. इंजिन सुरू करून ५,००० आरपीएमला बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले १२.५. बॅटरीला चार्जिंग मिळत नव्हते, उलट तिच्यातलीच वीज खर्च होत होती.

मग साइड पॅनेल काढले. इंजिनात वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलकडून आरआर युनिटकडे (ती वीज डीसी करून बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे) जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर, म्हणजे जोड, तिथे आहे. त्याचे पांढरे प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळले होते, आतल्या पिनेवर हिरवट गंज होता आणि त्या वायरीचे इन्सुलेशन बोटभर लांबीपर्यंत कडक होऊन तडकले होते. कपलर सोडून तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्टेज मोजला. तो आरपीएमबरोबर सारखाच वाढत होता आणि कॉइलची एकही वायर बॉडीला लागत नव्हती. म्हणजे कॉइल चांगली आहे. कपलर परत जोडून, गाडी चालू ठेवून, त्याच्या दोन्ही बाजूंना मीटरच्या पिना मागून लावल्या. दोन वायरींवर व्होल्टेज-ड्रॉप (जोडात वाया जाणारा व्होल्टेज) जवळजवळ शून्य, जळक्या वायरीवर चार व्होल्टच्या वर. आरआर युनिटपासून बॅटरीपर्यंतच्या वायरींवर ड्रॉप नगण्य होता. दोष या सांध्यातच आहे. सैल, गंजक्या पिनेत वीज अडते, तिथे उष्णता होते, उष्णतेने पीन आणखी सैल होते आणि हे चक्र वाढत जाते. इतका वेळ अशा स्थितीत चाललेले आरआर युनिट धड राहिले आहे का, हेही आपण तपासायला हवे.

हा कपलर मागच्या चाकाचा चिखल जिथे थेट उडतो तिथेच बसवला आहे आणि त्यावर रबरी टोपण नाही. कोयना खोऱ्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गाडी इथे विकायची तर हा जोड पाण्यापासून वाचवणे कंपनीचेच काम आहे. शिवाय १ एप्रिल २०१७ पासूनच्या नियमाने दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू असतो, त्यामुळे चार्जिंग कमी झाले तर दिवा बंद करून घरापर्यंत पोचण्याची सोयही चालकाकडे राहिलेली नाही. नियम चांगलाच आहे. म्हणूनच चार्जिंग भरवशाचे हवे.

हे सगळे फोटोंसह दाखवल्यावर केंद्राचे उत्तर आले की बाहेरच्या माणसाने हात लावला, आता वायरिंग वॉरंटीत बसत नाही. जळका भाग पहिल्यांदा दिसला तेव्हाचा, कपलर सोडण्याआधीचा फोटो वेळेसह आहे. मीटर लावल्याने प्लास्टिक वितळत नाही. आणि केंद्राने स्वतः मोजले असते, तर मला बाहेर जावेच लागले नसते. या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे. १४ व्होल्ट आहेत की नाहीत हे पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढे न केल्यामुळे ग्राहक काळोखात रस्त्यावर उभा राहतो.

तरी कपलर, त्याला जोडलेली वायरिंग आणि तपासणीअंती सदोष आढळल्यास आरआर युनिट वॉरंटीत, विनामूल्य बदलून द्यावे आणि नवा जोड पाण्यापासून सुरक्षित जागी, टोपणासह बसवावा. दुसऱ्या बॅटरीचे घेतलेले पैसे परत करावेत. काम झाल्यावर स्लोवर आणि ५,००० आरपीएमला मोजलेला व्होल्टेज जॉब कार्डवर लिहून, सहीशिक्का करून मिळावा. बॅटरीची तक्रार आली की आधी चार्जिंग मोजून त्याची नोंद करावी, अशी लेखी सूचना सर्व केंद्रांना द्यावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. याच मॉडेलच्या इतर गाड्या घाटात आजही चालत आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सातारा जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. जळका कपलर बदलला तरी मूळ तुकडा माझ्यासमोर सीलबंद करून ठेवावा. तो परस्पर टाकून देऊ नये.

सोबत जॉब कार्डांच्या प्रती, बॅटरीचे बिल, मीटरचे व कपलरचे फोटो जोडले आहेत. नाव, पत्ता, गाडी व चेसिस क्रमांक वेगळ्या पानावर दिले आहेत.

आपला,
एक ग्राहक
ता. पाटण, जि. सातारा