क्रॅम्पस एकटा येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'नाताळचा सैतान' या मथळ्याखाली ऑस्ट्रियाच्या लोकपरंपरेतल्या क्रॅम्पसचं छायाचित्र आणि चार ओळींची माहिती वाचली. शिंगं, लोंबणारी लाल जीभ, हातात बर्चच्या फोका. छायाचित्र उत्तम होतं, मजकूर मात्र अर्धवट. म्हणून हे पत्र.

एक तर तो नाताळचा नव्हेच. क्रॅम्पस येतो ५ डिसेंबरच्या रात्री, कारण ६ तारखेला मुलांना खाऊ देणाऱ्या संत निकोलाउसचा सण असतो आणि क्रॅम्पस त्याचाच सोबती. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतच्या रात्री ज्यांच्या मानल्या जातात ते पेर्ख्टन, म्हणजे तसेच मुखवटे घालून फिरणारे, वेगळे. पुरवणीने दोघांना एकच करून टाकलंय. पण मला जास्त लागलं ते निकोलाउसचं नावसुद्धा नव्हतं याचं.

माझी मुलगी ऑस्ट्रियात साल्झबुर्गला असते. मागच्या डिसेंबरात आम्ही गास्टाइनच्या खोऱ्यात तिच्या मैत्रिणीकडे गेलो होतो. तिथे निकोलाउस आणि त्याच्या क्रॅम्पसांच्या टोळीला 'पास' म्हणतात आणि ती घरोघर जाते. अंधार पडला तशा आधी घंटा ऐकू आल्या, कमरेला मागे बांधलेल्या, पावलागणिक खणाणणाऱ्या. घरातला सहा वर्षांचा मुलगा आजीला घट्ट बिलगला. दार उघडलं तर पुढे निकोलाउस: डोक्यावर बिशपचा उंच मुकुट, हातात दंड. क्रॅम्पस उंबऱ्याबाहेर. निकोलाउसने मुलाला नावाने हाक मारली, शांतपणे विचारपूस केली. मग खूण केली तेव्हा कुठे ते आत शिरले. घरभर बोकडाच्या कातड्याचा वास आणि तो खणखणाट! मीही मागे सरले. निकोलाउसने दंड उचलला आणि सगळ्या घंटा एकदम गप्प. त्यांच्यातल्या खाऊची टोपली वाहणाऱ्याने मुलाच्या हातात अक्रोड आणि संत्री ठेवली. मघाशी रडवेला झालेला तो पोरगा दारात उभा राहून त्यांना लांबपर्यंत बघत होता.

दुसऱ्या दिवशी एक मुखवटा हातात घेऊन पाहिला. अखंड लाकडात कोरलेला, वर खरी शिंगं. दोन्ही हातांनी उचलावा लागला. तो चढवून रात्रभर बर्फातून फिरायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

शहरांतल्या मिरवणुकांत दारू पिऊन बघ्यांच्या पायांवर फोका ओढणारे असतात, हे खरं आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. लहान मुलांना हे दाखवावं का, हा वाद ऑस्ट्रियातही जुनाच आहे. पण आपण पोरांना ज्या बागुलबुवाची भीती घालतो, त्याला 'बस्स' म्हणणारं कुणी नसतं. क्रॅम्पसला थांबवणारा त्याच्या सोबतच येतो. तोच वगळला तर उरतं ते नुसतं भेसूर तोंड, आणि तसं तिथल्या कुणाच्याही मनात नाही.

तेव्हा पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती जरूर छापावी. सोबत त्या रात्रीचं छायाचित्र पाठवत आहे. त्यात निकोलाउस डाव्या कडेला उभा आहे. जागा कमी पडली तरी ती कडा कापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली