दूरसंचार मंत्री महोदय, आमच्या गावच्या इंटरनेटचा धनी कोण?

प्रति,
माननीय केंद्रीय दूरसंचार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातला कास्तकार. गेल्या आठवड्यात घरचा कापूस खासगी व्यापाऱ्याला घातला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. माझ्या हाती जेमतेम सात हजार आले. मालात खोट नव्हती. पण सरकारी खरेदीला कापूस न्यायचा तर नोंदणी मोबाइल ॲपवर, आणि माल आणायचा दिवसही त्याच ॲपवर धरायचा. घराच्या स्लॅबवर चढून पाहिलं, वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसलो. ओटीपी यायचा तोवर त्याची मुदत संपलेली. इकडे वेचाईचे पैसे थकलेले, मुलीच्या होस्टेलची फी तोंडावर. शेवटी गाडी भरली आणि मागेल त्या भावात दिली.

आता हे वाचून कोणी म्हणेल, गावात फायबर, म्हणजे इंटरनेटची केबल, नाही का? आहे ना! ग्रामपंचायतीच्या खोलीत लोखंडी पेटी आहे, कुलूप लावलेली. फटीतून मशीनचा लाल दिवा दिसतो. आत बॅटरी फुगली आहे. पांदण रस्त्याच्या कडेला नळयोजनेसाठी जेसीबीनं खोदलं तेव्हा केबलचा केशरी पाइप तुटला, त्याचं टोक अजून मातीबाहेर आहे. ग्रामसेवक म्हणतात, आमच्याकडे फक्त खोली. सेवा केंद्रवाला म्हणतो, मी फक्त कनेक्शन विकतो. देखभालीचा ठेकेदार म्हणतो, माझं कंत्राट संपलं. कंपनीचा माणूस म्हणतो, तोडला नळयोजनेवाल्यानं, त्यानंच भरून द्यावं. नळयोजनेवाला म्हणतो, खाली केबल आहे हे मला सांगितलं कोणी? सगळे भागीदार, जबाबदार एकही नाही. माझा राग ह्यावर आहे, साहेब.

सरकार आणि खासगी कंपन्यांनी मिळून गावात इंटरनेट आणावं, याला माझा विरोध नाही. एकट्या सरकारी खात्याला ते झेपत नाही हे दिसतंच आहे. पण भागीदारी म्हणजे काय, हे एकदा ठरवा. गावोगाव फायबर न्यायची सरकारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, अडीच लाख ग्रामपंचायती जोडायला. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं, १,००० दिवसांत सहा लाखांवर गावांत फायबर पोहोचेल. ते दिवस मे २०२३ मध्येच संपले. मधे २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी खासगी भागीदारीचा बेत निघाला, सरकार १९,०४१ कोटी द्यायला तयार होतं, तरी कंपन्या पुढे आल्या नाहीत आणि टेंडर गुंडाळावं लागलं. (महाराष्ट्र तर त्या यादीतही नव्हता.) खेड्यातल्या गिऱ्हाइकात कंपनीला नफा दिसत नाही, हे तेव्हाच कळलं होतं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये नवा कार्यक्रम, १ लाख ३९ हजार कोटींचा. त्यात केबल एका रेषेत न टाकता वर्तुळात टाकणार, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसऱ्या बाजूनं चालू राहील. देखभाल दहा वर्षं त्याच कंपनीकडे. कागदावर हे बरोबर आहे. आमच्यासारख्यांच्या तुटलेल्या टोकापर्यंत ते कधी येणार?

पैसा नाही असंही म्हणू नका. टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईतले पाच टक्के गावांच्या जोडणीसाठीच्या निधीत जातात. ती कमाई आमच्या रिचार्जची. मी दर महिन्याला भरतो, माझी म्हातारी आई भरते. तिच्या रेशनची केवायसी करायला मात्र तिला मोटारसायकलवर बसवून काटोलला न्यावं लागतं. गुडघे धरून बसते बिचारी.

आणि खरं दुखणं याहून मोठं आहे. पीक पाहणी ॲपवर, विमा ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन, आता कापूसही ऑनलाइन. लाइन गावात चालते का हे न पाहता सक्ती आधी केली. २०१६ मध्ये आमचा नागपूर जिल्हा देशातला पहिला डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. तेव्हा गावात आनंदच झाला होता. डिजिटल म्हणून फलक लागले, बातम्या आल्या, आणि भोगतो आम्ही. कास्तकारानं एक दिवस उशीर केला तर अर्ज बाद. कंपनीची लाइन महिनोन्‌महिने बंद राहिली तर कोणाचा काय बाद होतो?

म्हणून मागतो ते ऐका. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दारावर एका माणसाचं नाव आणि फोन लावा, लाइन पडली तर उत्तर देणारा तोच. दुरुस्तीला मुदत ठरवा, मुदत चुकली तर त्या दिवसांचे पैसे कंपनीला देऊ नका, ते ग्रामपंचायतीला द्या. रस्ता किंवा नळासाठी खोदणाऱ्याला केबलचा नकाशा हातात दिल्याशिवाय जेसीबी लावू देऊ नका. आणि लाइन सुरळीत चालेपर्यंत कापसाची, पिकाची, रेशनची नोंद फक्त ॲपवर घेऊ नका, कागदावरही घ्या. कापूस खरेदी तुमच्या खात्याची नाही हे मला माहीत आहे, पण संबंधित मंत्री तुमच्याच मंत्रिमंडळात बसतात. त्यांना सांगा. माझा शेवटचा वेचा अजून व्हायचा आहे, तो तरी हमीभावानं जाऊ द्या.

आपला,
एक कास्तकार
ता. काटोल, जि. नागपूर