बाबांच्या पायाचं

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले घट्ट मोजे मिळाले. बाबा दिवसभर ते घालून मिरवत होते, येईल त्याला "पोरानं पाठवले" सांगत होते. धंतोलीच्या डॉक्टरांनी मात्र काढायला लावले. रागावू नको बाप्पा. ते मोजे मीनाआत्याच्या दुखण्याचे. तिच्या शिरांमधल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त वर चढायचं ते खालीच साचतं, म्हणून तिला दाब लागतो. बाबांची खाली रक्त नेणारी धमनीच अरुंद झालीय. वरून आवळलं तर आहे तेवढंही पोचायचं नाही.

डॉपलर केलं, म्हणजे पायातलं रक्त कसं वाहतं ते बघायची तपासणी. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, ते 0.9 च्या खाली गेलं की अडथळा धरतात. बाबांचं 0.7 आलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "सिगारेट?" बाबा माझ्याकडे बघायला लागले. दिवाळीत तुझ्या जीन्सच्या खिशात माचीस निघाली, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

असो, तो विषय काढायचा नव्हता.

सध्या दोन गोळ्या, एक रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, एक कोलेस्टेरॉलची. आणि चालणं. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा निघायचं. बसल्या जागी कळ येऊ लागली किंवा जखम भरेना, तर फुग्यानं धमनी उघडतात, नाहीतर बायपास. शुगरमुळे त्यांना लागलेलं कळत नाही, म्हणून रात्री बोटांच्या बेचक्या मीच टॉर्चनं बघते.

तुला खांद्यावर घेऊन फुटाळा तलावाला चक्कर मारणारा माणूस आता लक्ष्मीभुवन चौकापर्यंत दोनदा थांबतो. थांबला की दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करतो. मीही वाचते.

निखिल, सिगारेटनं धमन्या फक्त पायाच्याच खराब होत नाहीत, हृदयाच्या, मेंदूच्याही होतात. आजोबांचा अंगठा तू पाहिलायस. तरी तुला काहून... झालं माझं भाषण. माफ कर. एवढी टीम सांभाळतोस, शेजारच्या काकूंना मी न विचारताच सांगते, अन् तुला खिशावरून बोलते.

पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचंय. सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तर तुझी शुगर अन् कोलेस्टेरॉल तिकडेच तपासून रिपोर्ट पाठव. माचीस कोणाची होती तेही लिही. मित्राची म्हणू नको.

तुझी,
आई