पिल्लांविषयी, सविस्तर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेले तीन आठवडे मी फोनवर दोन वाक्ये बोलते, "नंतर सविस्तर सांगते" म्हणते आणि तो नंतरचा फोन काही करत नाही, ही आईची तक्रार अगदी रास्त आहे. बाबांनी परवा स्पष्टच विचारले, की मांजराच्या दोन पिल्लांसाठी माणसाने रात्ररात्र जागावे असे त्यात आहे तरी काय. उत्तर द्यायला गेले आणि गळा दाटून आला, म्हणून आज दोन्ही पिल्ले झोपलेली असताना लिहायला बसले आहे. पिल्ले दोन नव्हती, तीन होती, हे मी तुम्हाला सांगितलेच नव्हते.

ती मला इमारतीच्या तळमजल्यावरील अडगळीत, एका फुटक्या टोपलीत सापडली. पहाटे रडण्याचा बारीक आवाज आला म्हणून मी खाली गेले, पण लगेच हात लावला नाही. पिल्ले एकटी दिसली म्हणजे ती पोरकीच असतात असे नाही. मांजरी पोट भरण्यासाठी काही वेळ दूर गेलेली असते किंवा एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या जागी हलवत असते, आणि आपण दयेपोटी घाईने उचलले तर आई जिवंत असलेल्या पिल्लाला आपणच पोरके करतो. तीन तास जिन्यात बसून राहिले. मग रस्त्याच्या कडेला गाडीखाली सापडलेली मांजरी कोणीतरी दाखवली. तिची आचळे दुधाने भरलेली होती. तेव्हा मी टोपली वर आणली.

डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले आणि पोटाशी सुकलेल्या नाळेचा तुकडा. नाळ साधारणपणे तीन ते पाच दिवसांत गळून पडते, त्यावरून डॉक्टरांनी वय दोन दिवसांचे धरले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काळ्याचे वजन १०४ ग्रॅम भरले, ठिपकीचे ९८ आणि भुरक्याचे ९१. तिघे मिळून माझ्या दोन तळव्यांत मावत होते.

मी पहिली चूक त्याच सकाळी केली आणि ती तुम्हाला जशीच्या तशी सांगते. उपाशी जीव दिसला की आधी त्याच्या तोंडात काहीतरी घालायचे, हे आपल्या अंगवळणीच पडलेले असते. भुरक्याचे अंग हाताला गार लागत होते, त्याच्या तोंडात बोट घातले तर तेही आतून गार होते, तरीसुद्धा घरात होते ते दूध कोमट करून, त्याला तान्ह्या मुलासारखे उताणे धरून मी ड्रॉपरने पाजायला लागले. दोन थेंब आत गेले. तिसरा नाकातून बाहेर आला आणि त्याने तोंड उघडून एक असा श्वास घेतला, की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळे समजावून सांगितले. मोठ्या मांजराच्या शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर असते, पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचे ३५ ते ३७ अंशांच्या दरम्यानच राहते, आणि थंडी वाजली की अंग कापून ऊब निर्माण करण्याची शक्तीही त्या वयात त्याच्यात आलेली नसते. त्याला जी ऊब मिळते ती आईच्या पोटाची आणि भावंडांच्या अंगाची. ती गेली की शरीर गार पडते, आतड्यांची हालचाल मंदावते, पोटातले दूध पचत नाही, आणि लुचण्याचे बळ नसल्याने तोंडातले दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. म्हणून आधी ऊब, मग दूध. ऊबही एकदम द्यायची नसते. कापडात गुंडाळून आपल्या अंगाशी धरावे, हळूहळू, तासभर लागला तरी चालेल, आणि तोंड आतून गरम लागू लागल्याशिवाय दुधाचे नाव काढू नये. पाजताना पिल्लू पोटावरच हवे, डोके किंचित वर, जसे ते आईला लुचताना असते. उताणे कधीही नाही. डॉक्टरांनी भुरक्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून पाहिला, औषध सुरू केले आणि मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

एक गोष्ट मात्र तिघांच्या बाजूची होती. दोन दिवस आईपाशी असल्यामुळे त्यांना चीक मिळाला होता. आईच्या दुधातली रोगांशी लढणारी द्रव्ये पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जातात ती जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच. पुढे ती वाट बंद होते.

त्या रात्रीपासून घरात एक खोके आहे. त्याच्या अर्ध्या भागात गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून ठेवलेली असते आणि अर्धा भाग मोकळा असतो, कारण पिल्लाला गरम झाले तर सरकून लांब जाता आले पाहिजे. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा ३० ते ३२ अंश ठेवली, नंतर थोडी थोडी कमी केली. बाबा, तुम्ही दिलेला छोटा तापमापक तिथेच टांगलेला आहे.

आता बाबांच्या प्रश्नाचे उत्तर. रात्री उठावे लागते ते हिशेबामुळे. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाकाठी साधारण २० किलोकॅलरी लागतात आणि त्यांच्यासाठी मिळणाऱ्या पावडरच्या दुधाच्या एका मिलिलीटरमध्ये जेमतेम एक किलोकॅलरी असते, म्हणजे दिवसाला २० मिलिलीटर किंवा थोडे अधिकच दूध पोटात जायला हवे. पण त्याच्या पोटात एका वेळी मावते जेमतेम चार मिलिलीटर. जास्त भरले तर पोट फुगते, जुलाब होतात किंवा दूध उलटून छातीत जाते. शिवाय इतक्या लहान अंगात साठवून ठेवायला चरबी नसते. दोन पाजण्यांमधले अंतर वाढले की रक्तातली साखर उतरते आणि पिल्लू निपचित पडते. म्हणून पहिला आठवडा दर दोन तासांनी, दुसरा दर तीन तासांनी, मग चार तासांनी, दिवस असो वा रात्र. एका फेरीत अंग गरम आहे ना ते पाहायचे, दूध मनगटावर थेंब टाकून तपासायचे, तिघांना एकेक करून पाजायचे, खांद्याशी धरून ढेकर काढायचा, पुसायचे आणि भांडी उकळायची. सुरुवातीला यात पाऊण तास जाई. उरलेल्या सव्वा तासात मी झोपत होते.

आई, तू विचारलेस की आपल्या नेहमीच्या दुधात पाणी घालून का देत नाही. मलाही तसेच वाटले होते. पण गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश कमी असतात आणि दुधातली साखर जास्त असते, त्यामुळे पिल्लाला पोषण पुरत नाही आणि जुलाब मात्र लागतात. त्यात पाणी घातले तर उरलेसुरले पोषणही पातळ होते. शंभर ग्रॅमच्या जिवाला जुलाब झाले तर तो एका दिवसात सुकून जातो. म्हणून मांजराच्या पिल्लांसाठीचेच दूध आणले. बाटलीच्या निपलचे भोकही बेताचे हवे. बाटली उलटी धरली तर दुधाचा थेंब सावकाश गळावा. धार लागली तर भोक मोठे झाले असे समजायचे.

आणखी एक काम आहे, ज्याविषयी पूर्वी मला काहीच ठाऊक नव्हते. इतकी लहान पिल्ले आपण होऊन शी-शू करू शकत नाहीत. मांजरी त्यांचे पोट आणि शेपटीखालचा भाग चाटते, तेव्हाच ती मोकळी होतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे असेच चालते. मी प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा तिथे हलकेच फिरवत असे. आम्हा भावंडांना वाढवताना तू जे केलेस ते मी कधी विचारले नाही, पण पहाटे तीन वाजता बोळा ओला झाला की मला जो सुटल्यासारखा आनंद व्हायचा, तो तुला समजेल याची मला खात्री आहे.

भुरक्याविषयी आता लिहिते. वजन रोज सकाळी एकाच वेळी घ्यायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते, कारण पिल्लू आजारी पडते तेव्हा आवाजाआधी आणि डोळ्यांआधी काटा सांगतो. निरोगी पिल्लू दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम वाढते. काळा आणि ठिपकी तशी वाढत होती. भुरके ९१ वरून ९४ झाले, मग १०१, मग १०४, आणि पाचव्या सकाळी पुन्हा १०४. ते दूध मागायचे, निपल तोंडात धरायचे आणि दमून सोडून द्यायचे. डॉक्टरांनी पाजण्याची नळी घातली, औषध बदलले. सहाव्या सकाळी काट्यावर ९९ आले. मी त्याला दिवसभर अंगाशी बांधून ठेवले होते, हिरड्यांना साखरेचे पाणी लावत होते, पण दुपारी त्याचा श्वास लांब लांब होत गेला. ते गेले तेव्हा त्याचे अंग गरम होते. डॉक्टर म्हणाले, की फुप्फुसे पहिल्या दिवसापासूनच बिघडली होती. माझ्या मनात तो तिसरा थेंब तेव्हापासून आहे, आणि "तू कशाला वाईट वाटून घेतेस" असे तुम्ही फोनवर म्हणाल, म्हणूनच मी इतके दिवस सांगितले नाही. मला ते वाईट वाटू द्या.

त्या रात्री दोन तासांचा गजर वाजला तेव्हा उठावेसे वाटत नव्हते. पण खोक्यातून दोघांचा आवाज येत होता.

नवव्या दिवशी ठिपकीच्या डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक फट दिसली. पापण्या आपल्या हाताने कधीही उघडायच्या नसतात, म्हणून मी फक्त पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ती फट बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि आत निळसर राखाडी, धुरकट बुबुळ होते. सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात. खरा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यात उमटू लागतो. तेव्हा तिला नीट दिसत नसावे, पण पिताना ती तो डोळा माझ्या दिशेला लावून ठेवायची. पिण्याचा सूर लागला की तिचे दोन्ही कान प्रत्येक घोटाबरोबर मागेपुढे हलतात, आणि पुढचे पंजे माझ्या बोटावर आळीपाळीने दाबले जातात, आईच्या आचळातून दूध सुटावे म्हणून दाबावेत तसे. नखे अजून आत घेता येत नसल्याने ती टोचतात. माझ्या डाव्या तर्जनीवर बारीक ओरखडे आहेत. ते पिसवांचे आहेत की काय, ही आईची शंका त्यावरून आली असावी, पण पिसवा मी पहिल्याच दिवशी बारीक दातांच्या फणीने काढल्या. इतक्या लहान पिल्लांना पिसवांचे औषध लावता येत नाही, आणि न काढल्या तर त्या रक्त पिऊन पिल्लाला पांढरेफटक करतात. प्रत्येक वेळी मी हात साबणाने धुते, तेव्हा ती काळजी करू नये.

आज चोविसावा दिवस. काळा ३८८ ग्रॅम आहे, ठिपकी ३६२. पुढचे बारीक दात आले आहेत, शेपटी उभी करून दोघे डुलत डुलत चालतात आणि उथळ ट्रेमधल्या मातीत आपले आपण जाऊ लागले आहेत. जंतांचे औषध सुरू झाले आहे, लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतील. या आठवड्यापासून उथळ ताटलीत पातळ खाणे ठेवायचे आहे. काळा त्यात आधी पाय घालणार हे उघड आहे. रात्रीचा गजर आता एकदाच वाजतो.

दोघांना दोन वेगळ्या घरी द्यावे का, असे बाबांनी विचारले होते. मला ते पटत नाही. चावा किती जोरात घेतला तर दुसऱ्याला लागते, हे पिल्लू आपल्या आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते. यांना आई नाही, म्हणून एकमेकांची सोबत तरी तुटता कामा नये. ती एकत्रच राहतील, आणि बहुधा माझ्याकडेच.

एक विनंती आहे. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या माणसांच्या हातात जाते, ज्यांचा वास आणि आवाज ओळखते, त्यांना ते पुढे बिचकत नाही. तुमच्या गुडघ्यांना जिना झेपेल तेव्हा या असे मी एरवी म्हटले असते, पण यावेळी येत्या तीन आठवड्यांत जमवाच. बाबांच्या काठीचा आवाज आणि आईचा खोकला त्यांना आताच ओळखीचा झालेला मला हवा आहे. मी खाली गाडीपाशी उभी राहीन आणि वर यायला आपण लागेल तेवढा वेळ घेऊ.

बाबा, वजनाच्या वहीचे पान तुम्ही पाहायला मागितले होते, ते सोबत जोडले आहे. तीन रकाने आखलेले आहेत. तिसरा सहाव्या दिवशी थांबतो. नवीन पान घेतले तेव्हाही मी त्यावर तीनच रकाने आखले.

तुमची,
धाकटी