गिफ्ट कार्डाची शिल्लक बघताना

सणासुदीला गिफ्ट कार्डं वाटली जातात आणि शिल्लक किती हे बघायला लोक थेट गूगलवर शोधतात. घोळ तिथेच होतो. सर्वांत वर ‘प्रायोजित’ असं लिहिलेली बनावट साइट असू शकते. तिथे कार्ड क्रमांक आणि पिन टाकला की ‘सर्व्हर एरर’ दिसतं. तुम्ही पुन्हा प्रयत्न करेपर्यंत तिकडे खरेदी उरकलेली असते. अनेक दुकानांच्या कार्डांना ओटीपी लागतच नाही, क्रमांक आणि पिन म्हणजेच रोख पैसे. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह बघून निर्धास्त होऊ नका, ते बनावट साइटलाही मिळतं.

कार्डाच्या मागे छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये अक्षर न् अक्षर स्वतः टाइप करावा, किंवा दुकानाच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बघावं. शिल्लक दाखवायला कुणी यूपीआय पिन मागितला, तर पान तिथेच बंद करा. विकत घेतानाच पिनवरची पट्टी खरवडलेली नाही ना, हे पाहावं. फसगत झालीच, तर आधी कार्ड काढणाऱ्या दुकानाला किंवा कंपनीला कळवून ते गोठवायला सांगा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पावती मात्र जपलेली हवी.

– एक वाचक, पुणे