ओवीची उंची आणि काकूंचे गुडघे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

डिस्नेचं पार्क बघायला ऑर्लँडो, पॅरिस, टोकियो की हाँगकाँग, हा तुझा प्रश्न मिळाला. मीनलने वर अबुधाबीही सुचवलंय. माणसं पाच: तुम्ही दोघं, काकू अडुसष्ट वर्षांच्या, ईशान अकरा, ओवी सहा. सुट्टी दिवाळीची, म्हणजे जाऊन-येऊन आठ-नऊ दिवस. एवढं सविस्तर लिहिलंस ते बरं केलंस, या यादीतूनच उत्तर निघतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: हाँगकाँग. का ते पुढे वाच. नाहीच पटलं तर टोकियो.

ऑर्लँडो तुझ्या डोक्यात आहे ते मेहुण्यामुळे, हे कळतं. न्यूजर्सीला जाणारच आहोत तर पुढचं तीन तासांचं विमान काय अवघड, असं वाटतं. पण ऑर्लँडो हे एक पार्क नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे चार मोठी पार्कं: मॅजिक किंगडम 1971चं, एपकॉट 1982चं, हॉलिवूड स्टुडिओज 1989चं आणि अ‍ॅनिमल किंगडम 1998चं. शिवाय दोन वॉटर पार्क. यातल्या एका पार्कमधून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल किंवा केबल कार लागते. गाडी घेऊन मॅजिक किंगडमला गेलास तर पार्किंगपासून फाटकापर्यंत पुन्हा मोनोरेल किंवा बोट. त्यातच पाऊण तास गेला असं धर. चार पार्कं नीट बघायची तर पार्कचेच पाच दिवस हवेत, मध्ये एक दिवस आरामाचा. भारताचं घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास पुढे, म्हणजे पहिले दोन दिवस ओवी दुपारी तीनला झोपणार आणि पहाटे तीनला उठणार. आठ दिवसांत हे बसत नाही. बसवलंस तर मेहुण्याकडे फक्त बॅगा ठेवायला जाशील.

खर्चाच्याही काही गोष्टी तिथे नंतर समोर येतात. तिकिटासाठी मूल म्हणजे तीन ते नऊ वर्षांचं, त्यामुळे ईशानला मोठ्यांचं तिकीट. हाँगकाँग, टोकियो, पॅरिस या तिन्ही ठिकाणी तो अजून मुलातच धरला जातो, पण वय भेटीच्या दिवशीचं मोजतात. त्याचा बारावा वाढदिवस डिसेंबरात आहे ना? मग दिवाळीची सहल उन्हाळ्यावर ढकललीस की हा फायदा गेला. ऑर्लँडोत हॉटेलच्या दरावर साडेबारा टक्के कर वेगळा लागतो, तो संकेतस्थळावरच्या पहिल्या आकड्यात नसतो. रांग टाळायचा लायटनिंग लेन पासही वेगळा विकत घ्यायचा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो सात दिवस आधी मिळतो, बाकीच्यांना तीन दिवस आधी, त्यामुळे बाहेरच्या स्वस्त हॉटेलातले लोक यात मागे पडतात. अमेरिकेचा व्हिसा तुम्हा सगळ्यांकडे असता तर निदान विचार केला असता. आता अपॉइंटमेंटपासून सुरुवात असेल तर दिवाळी विसर. मुलं बारा आणि सतराची झाली की उन्हाळ्यात तीन आठवडे काढून जा. फक्त फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी वीज-पाऊस ठरलेला असतो आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद करतात, एवढं लक्षात ठेव.

पॅरिसबद्दल थोडक्यात. डिस्नेच्या हॉटेलात दोन रात्री घेतल्या तर पॅकेजमध्ये तीन दिवसांची पार्क तिकिटं येतात, आल्या दिवसाचं आणि निघायच्या दिवसाचंही. हा हिशोब बरेच जण विसरतात आणि तिकिटं वेगळी घेऊन बसतात. शहरातून आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ‘ए’ लाइनने चाळीसेक मिनिटांत मार्न-ला-व्हॅले शेसी स्टेशन येतं, फाटक समोरच. त्याच्या आधीचं स्टेशन व्हाल द्युरोप, तिथे हॉटेलं स्वस्त पडतात. पण नोव्हेंबरात तिथे थंडी, रिपरिप पाऊस आणि पाचच्या सुमारास अंधार. शेंगेन व्हिसाच्या तारखाही सुट्टीच्या हंगामात लवकर भरतात. पॅरिसला जायचं तर मे महिन्यात जावं, आणि पॅरिससाठी जावं. डिस्नेलँड हा त्यातला दोन दिवसांचा तुकडा.

आता उंचीचं. हे तू टाळलंयस, पण सगळ्यात आधी हेच पाहायला हवं. तू ओवी ‘एकशे सहा-सात’ आहे असं लिहिलंस. राइडला किमान उंचीची अट असते, तेव्हा सहा की सात सेंटीमीटर, यावर राइड ठरते. फाटकाशी कर्मचारी पट्टी लावून मोजतात आणि एका सेंटीमीटरसाठीही सोडत नाहीत, रडारड झाली तरी. सकाळी उठल्यावर मूल जेवढं भरतं त्यापेक्षा संध्याकाळी सेंटीमीटरभर कमी भरू शकतं, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. म्हणून काठावरची राइड सकाळीच घ्यावी. ओवी 106 धरली तर हाँगकाँगमध्ये आयर्न मॅन चालेल (102), बिग ग्रिझली माउंटन नाही (112), आरसी रेसर नाही (120). टोकियोत बिग थंडर माउंटन आणि सोअरिंग दोन्ही चालतील (दोन्ही 102), जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ नाही (117). पॅरिसला हायपरस्पेस माउंटन 120. ऑर्लँडोत एपकॉटच्या गार्डियन्स या राइडची मर्यादा 107, म्हणजे अगदी रडवणारा आकडा.

ओवीसाठी ईशानची राइड सोडावी लागते असं नाही. सगळीकडे रायडर स्विचची सोय असते. रांगेच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला आधीच सांगायचं. एक मोठा माणूस ईशानबरोबर बसतो, दुसरा ओवीपाशी थांबतो, मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. तोंडाशी सांगायचं राहिलं आणि वर पोचल्यावर आठवलं, की मग कर्मचाऱ्याच्या मर्जीवर.

आता हाँगकाँग. लोक त्याला ‘छोटं आहे’ म्हणून नाक मुरडतात. तुझ्या घरासाठी छोटं असणं हाच त्याचा गुण. डिस्नेचं ते एकच पार्क, 2005 साली लांताव बेटावर उघडलं. विमानतळही त्याच बेटाला लागून, टॅक्सीने वीसेक मिनिटं. मुंबईहून थेट विमान साडेपाच-सहा तासांचं, घड्याळाचा फरक अडीच तासांचा. मोठ्या पार्कांत माणूस दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज चालतो. इथेही चालणं आहेच, पण काकू दमल्या तर हॉटेलवर जाऊन दोन तास पडून संध्याकाळी परत येऊ शकतात. पार्क ते हॉटेल बस फुकट. ज्येष्ठांचं तिकीट मोठ्यांच्या तिकिटाच्या पाव भागालाही येत नाही, त्यामुळे त्या अर्धाच दिवस आत राहिल्या तरी जिवाला लागत नाही. उलट टोकियोत ज्येष्ठांना सवलत नाही.

ओवीच्या ‘फ्रोझन’ सिनेमाच्या वेडासाठीही हेच. वर्ल्ड ऑफ फ्रोझन हा भाग 2023च्या नोव्हेंबरात उघडला. फाटक उघडायच्या अर्धा तास आधी उभे राहा आणि आत शिरल्यावर किल्ल्यासमोर फोटो न काढता सरळ मागे फ्रोझनकडे चाला. किल्ला संध्याकाळीही तिथेच असतो. फ्रोझन एव्हर आफ्टर ही बोट आहे, उंचीची अट नाही. मध्ये बोट थोडी उलटी सरकते आणि एक लहानसा उतार येतो, तेवढं ओवीला आधी सांगून ठेव. बाराच्या पुढे तिथली रांग लांबते. दुपारी मिस्टिक मॅनर घ्या. ती राइड फक्त हाँगकाँगलाच आहे, गाडीला रूळ नाहीत, आत गारवा, आणि काकूही आरामात बसतील. बिग ग्रिझली ईशानला आवडेल. गाडी मध्येच उलटी धावते, तेव्हा पोटात आधी काही भरू नको त्याच्या.

राहायला डिस्नेची तीन हॉटेलं आहेत. डिस्नेलँड हॉटेल राजवाडी थाटाचं, एक्स्प्लोरर्स लॉज मधलं, हॉलिवूड हॉटेल त्यातल्या त्यात स्वस्त. पाच माणसं एका साध्या खोलीत बसवण्याच्या भानगडीत पडू नको. दोन खोल्या घे आणि मधला दरवाजा असलेल्या, म्हणजे कनेक्टिंग, खोल्या लेखी माग. मागणी नोंदवली जाते, हमी नसते, म्हणून पोचायच्या दोन दिवस आधी ईमेल करून आठवण दे. डिस्नेत दोन रात्री, मग तीन रात्री शहरात, कवलूनला. कवलूनच्या चिम शा चुई भागात, चुंगकिंग मॅन्शन्स आणि आजूबाजूला, भारतीय खानावळी आहेत. काकूंचा वरण-भाताचा प्रश्न तिथे सुटतो. पार्कात मात्र शाकाहारी म्हणून दिलेल्यातही ऑयस्टर सॉस असू शकतो, विचारूनच घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू दे. न्याहारीला हॉटेलच्या खोलीत उपयोगी पडतील.

एक दिवस न्गोंग पिंगला काढा. तुंग चुंगहून केबल कार, पंचवीसेक मिनिटं, खाली समुद्र आणि डोंगर. वर चौतीस मीटर उंचीचा कांस्याचा बुद्ध. त्याच्या पायऱ्या 268, काकूंना चढवू नको, खालच्या चौकातूनही मूर्ती पूर्ण दिसते. शेजारच्या पो लिन मठात शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. वारा सुटला किंवा देखभाल असली की केबल कार बंद, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री बघून घे.

अडतं कुठे, तर प्रवेशनोंदणीत. भारतीय पासपोर्टला हाँगकाँगसाठी व्हिसा लागत नाही, पण प्रत्येकाची ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते, ओवीचीही. फी नाही, निकाल तिथल्या तिथे कळतो, एका भेटीत चौदा दिवस राहता येतं, नोंदणी सहा महिने चालते. नाव आणि आडनाव पासपोर्टवर ज्या रकान्यात आहे त्याच रकान्यात भर. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घुसतं आणि तिथेच चूक होते. नोंदणी झाली नाही तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून आधी पाचही जणांच्या पावत्या छापून हातात, मगच परत न मिळणारी विमानाची तिकिटं. काकूंच्या पासपोर्टची मुदतही आजच बघ, सहा महिने शिल्लक हवेत.

एजंटकडून पॅकेज घेतलंस तर वर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतात. पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात, पण ज्याचा पॅन दिला त्याच्याच नावावर. तेव्हा पॅन तुझा द्यायचा की मीनलचा हे आधी ठरवा.

टोकियो का दुसरं, तेही सांगतो. निव्वळ पार्क म्हणून बघितलं तर टोकियो डिस्नेसीसारखं कुठेच नाही. 2001 साली उघडलं, 2024च्या जूनमध्ये फँटसी स्प्रिंग्ज हा नवा भाग जोडला, त्यातही फ्रोझन आहेच. शेजारी 1983चं टोकियो डिस्नेलँड. पण एका दिवसाच्या तिकिटात एकच पार्क, म्हणजे दोन दिवस दोन पूर्ण तिकिटं, मोठ्यांना दिवसानुसार 7,900 ते 10,900 येन. विक्री दोन महिने आधी जपानच्या दुपारी दोनला, आपल्या साडेदहाला उघडते. भारतीय कार्ड त्यांच्या संकेतस्थळावर कधी कधी नाकारलं जातं, तेव्हा दोन वेगळ्या बँकांची कार्डं तयार ठेव. पार्कांना जोडणाऱ्या मोनोरेललाही तिकीट. रांगा लांब, आणि 3 नोव्हेंबर त्यांच्या सुट्टीचा दिवस, तो टाळच. काकूंच्या जेवणाचे हाल होतील ते वेगळेच. साध्या दिसणाऱ्या सूपातही माशाचं पाणी असतं, आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. दशम्या खायच्या तर फाटकाबाहेरच्या पिकनिकच्या जागेत येऊन. काकू या खेपेला येणार नसतील, तर मी बिनदिक्कत टोकियो सांगितलं असतं.

मीनलच्या अबुधाबीला मी नाही म्हणत नाही, फक्त ते मेच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. मुंबईहून तीन तास, आणि यास बेटावरची वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड व फेरारी वर्ल्ड जवळजवळ पूर्ण छताखाली, वातानुकूलित. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी आत स्वेटर लागेल.

जायच्या आधी एकदा, रविवार टाळून मधल्या वारी, खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जाऊन या. ओवीला अंधारातल्या राइडची भीती वाटते का, काकू किती वेळ उभ्या राहू शकतात, ईशान रांगेत किती वेळाने कटकट करतो, हे एका दिवसात कळेल. ओवी राजासॉरसच्या बोटीत घाबरली तर हाँगकाँगच्या यादीतून काय वगळायचं ते ठरवू.

या आठवड्यात पाचही पासपोर्टांच्या पहिल्या पानाचे फोटो काढून ठेव, आणि मला ओवीची उंची कळव. सकाळी, अनवाणी, भिंतीला टाच लावून.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अजित

ता. क. हाँगकाँगचा प्लग इंग्लंडसारखा, चपट्या तीन पिनांचा. आपला गोल पिनांचा तिथे बसत नाही. दोन अ‍ॅडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन घे.